चाकांना मोरीचं तेल

गाडीत बसण्याआधी तो चारही चाकांवर एकेक थाप मारायचा. लाथ नव्हे, थाप. बैलाच्या पाठीवर मारतात तशी, उघड्या तळहाताची. मग गाडीच्या तोंडाकडे बघून विचारायचा, "काय गो, येतंस मा?"

गाडी काय बोलणार. पण तो थोडा थांबायचा, जशी काही ती आत जाऊन घरच्यांना विचारून येणार आहे. मग "बरा तर" म्हणून दार उघडायचा.

चाकावर लाथ मारून हवा बघणारे ड्रायव्हर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. हा हवा बघत नव्हता. हा परवानगी घेत होता.

माझं दुकान तेव्हाही इथंच होतं, वडाखाली, घाटी उतरायच्या तोंडाला. देवगडच्या बाजूने किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या रस्त्याचा एक फाटा इथून खाली उतरतो. मी लोहारकाम करायचो. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची धाव बसवणं हे मुख्य काम. धाव तापवून लाल करायची, चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि लाकूड जन्मभर धरून ठेवतं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. मास्तरांनी विनाकारण छडी मारली, मी म्हटलं आता येणार नाही, नाही गेलो. पण माझ्या हातची धाव निसटली असं सांगणारा माणूस या पट्ट्यात तुम्हाला भेटायचा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे एक चाक दगा देणार आहे, आणि त्यात माझ्या लोखंडाचा काही दोष नव्हता.

त्याची वाडी खाली खाडीच्या तोंडाशी. घाटी उतरली की माडांपाशी रस्ता संपायचा. तिथून पुढे नुसती वाळू, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. त्या वाळूच्या पलीकडे मच्छीमारांची घरं. भाताची पोती असोत की नवरीची पेटी, सगळं डोक्यावरून जायचं. माणूस आजारी पडला की झोळीतून.

हा त्या वाडीतला, किनाऱ्यावरून रापण म्हणजे ते मोठं जाळं ओढणाऱ्याचा मुलगा, आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा. अगदी खाडीच्या शांत पाण्यातसुद्धा. वाडी हसून हसून बेजार व्हायची. "ह्येका दर्यात नेव नको रे, मासे पळतत!" बाप गेल्यावर तो मुंबईला गेला, कोणा शेठच्या गाड्या धुतल्या, चालवायला शिकला, आणि काही वर्षांनी शेठची जुनी झालेली गाडी घेऊनच परत आला. देशाला स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती, पण आमच्या भागात भाड्याची गाडी नव्हती. तो तळेऱ्याच्या तिठ्यापर्यंत भाडी मारायचा. मुंबईहून येणारे चाकरमानी, कोर्टात जाणारे वकील, बाळंतपणाला माहेरी चाललेल्या लेकी, सगळे त्याच्या गाडीत बसले.

एक त्याची आईच तेवढी बसली नाही.

ती मासे विकायची. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन वाळू तुडवत यायची, घाटी चढायची, वरच्या गावच्या बाजाराला जायची. हा माडांखाली गाडी लावून उभाच असायचा.

"काय गो आये, येतंस मा?"

ती न थांबता म्हणायची, "माझ्या दारात हाड तुझी गाडी. मगे बसतलंय."

आणि चालू लागायची. हा गाडी चालू करून तिच्या मागून निघायचा, तिच्या पावलांच्या चालीने. मी भाता ओढता ओढता ते बघायचो. पुढे टोपली घेतलेली म्हातारी, मागे घुरघुरत येणारी मोटार. ती मध्येच वळून ओरडायची.

"शिरा पडली तुझ्या त्या गाडयेवर! माझ्या पाठसून कित्याक येतंस?"

"रस्तो सरकारचो आसा गो आये."

"मगे सरकाराक घाल गाडयेत!"

माझ्या दुकानाशी ती टोपली उतरवायची, तांब्याभर पाणी प्यायची. हा गाडीत बसून राहायचा. दोघांपैकी एकजणही मागे हटणारा नव्हता. मी स्वतः हट्टी आहे, मला हट्टाची पारख आहे. हे दोघं माझ्यापेक्षा वरचढ होते.

पण म्हातारीचं ते एक वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं होतं. दारात गाडी आण. एकदा त्याने खरंच गाडी वाळूत घातली. जुनी विलायती गाडी, चाकं अरुंद. दोन गाड्यांच्या लांबीइतकी पुढे गेली आणि पोटापर्यंत बसली. शेवटी रापणवाले आले, दोर बांधला, आणि रापण ओढतात तशी हाका देत गाडी मागे ओढली.

"बापूस मेलो, पण एवढी मोठी मोरी तेच्या रापणीक कधी लागाक नाय!" एक म्हातारा म्हणाला, आणि सगळा किनारा हसला.

मोरी म्हणजे तो दातेरी मोठा मासा, शहरातले शार्क म्हणतात तो. हा पण हसला. पण संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला तेव्हा म्हणाला, "मेस्त्री, चाकां बदलूक व्हयी."

पुढच्या खेपेला तो बेळगावला गेला आणि लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून चार चाकं घेऊन आला. रुंद, जाड, खाचखाचांचे टायर. तळेऱ्यापर्यंत ट्रकवरून, तिथून बैलगाडीने. बैलगाडीतून मोटारीची चाकं येताना बघायला लोक रस्त्याच्या कडेला उभे होते.

"ही बसव," त्याने मला सांगितलं.

मी चाकं बघितली, गाडी बघितली. चाक ज्या बोल्टांवर बसतं ते गाडीचे बोल्ट एका घेरात, या चाकांची भोकं दुसऱ्याच घेरात. मी म्हटलं, "ही ह्या गाडीची नाहीत. माझं काम लाकडाच्या चाकाचं. जमणार नाही."

"चाक ता चाक."

"जमणार नाही म्हटलं ना."

"बरा तर," तो म्हणाला, आणि माझ्या उंबऱ्यावर बसला. विडी पेटवली. दुपार झाली, घरून जेवायचं बोलावणं आलं, हा बसूनच. गिऱ्हाईक आलं तर त्याच्या अंगावरून ओलांडून आत येऊ लागलं. मी रागाने भट्टी पेटवली. त्याला वाटलं मी त्याच्यासाठी पेटवली. मला वाटलं मी बैलगाडीच्या कामासाठी पेटवली. पण हातात घेतला तो बंदरात मोडीत निघालेल्या बार्जचा, माल वाहायच्या पडावाचा, जाड पत्रा.

त्यातून मी चार चकत्या केल्या. आतल्या घेरात गाडीचे बोल्ट बसतील अशी भोकं, बाहेरच्या घेरात नवीन चाकाचे बोल्ट. चकती गाडीला आवळायची, चाक चकतीला. असं काम मी आधी कुठे पाहिलं नव्हतं आणि कोणाला विचारलंही नाही. कोणाला विचारायचं? या किनाऱ्यावर एका गाडीला दुसऱ्या गाडीची चाकं कोणी घातली होती?

चाकं चढली, पण मडगार्डला घासायला लागली. मी छिन्नी घेतली. त्याने पाठ फिरवली.

"काप. पण माका दाखवू नको."

मी पत्रा कापत होतो आणि प्रत्येक घावाला हा तिकडे तोंड करून "आई गे" म्हणत होता, जसा काही त्याचाच दात उपटतायत.

काम संपलं तेव्हा गाडी एकदम उंच दिसायला लागली, धोतर वर खोचून खाडीत उतरलेल्या माणसासारखी. वळताना पुढची चाकं अडायची, म्हणून तिला वळवायला शेताएवढी जागा लागायची. पण तो गाडीभोवती फिरला, चारही नव्या चाकांवर थाप मारली, आणि आवाज ऐकून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठी मी अजून चार गाड्यांचं काम फुकट केलं असतं. तसं त्याला बोललो नाही.

खाली माडांपाशी त्याने काडेपेटीतली काडी घेऊन चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. मुंबईत एका लढाईवरून आलेल्या ड्रायव्हरने शिकवलं होतं म्हणे, की वाळूत चाक मऊ असलं तर पसरतं, रुतत नाही. मग गाडी वाळूत घातली. मी बाजूने चालत होतो, डोळा माझ्या चकत्यांवर. गाडी डुलत, फुगल्या पायाने चालल्यासारखी, पण चालली. अख्खी वाडी बाहेर आली. गाडी त्याच्या दाराशी, तुळशीपाशी जाऊन थांबली.

वाडीतल्या वडीलधाऱ्याने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं. नवी होडी पाण्यात ढकलताना घालतात तसंच. पण चाकांना काय म्हणावं ते त्याला सुचेना.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान ही जी काय... वाटोळी वस्तू गाडयेक लायल्यान आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तिका रेवेत वाट दी. तेच्या पोटाक घास दी. आणि ओकणाऱ्या लेकराची ही सुकी होडी तूच सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" सगळे हसत हसत ओरडले.

मग मुलाने गाडीचं मागचं दार उघडलं. आईकडे बघितलं. "काय गो आये, येतंस मा?"

 म्हातारीने गाडीकडे बघितलं, सीटकडे बघितलं, हात पदराला पुसले. परत पुसले.

"आज नको," ती म्हणाली. "आत्ताच म्हावरा इकून इलंय. उद्या बघूया."

उद्या आला नाही. कधी सुतक, कधी वार, कधी गुडघा. गाडी आता रोज दारात उभी राहायची आणि ती रोज टोपली घेऊन तिच्या बाजूने चालत जायची. तो नुसता मागून गाडी घेऊन यायचा, पूर्वीसारखा.

एक दिवस ती माझ्याकडे पाणी प्यायला थांबली तेव्हा मी विचारलंच. "आये, तूच म्हणालीस ना दारात आण म्हणून? आता का बसत नाहीस?"

तिने आजूबाजूला बघितलं. तो मागे लांब होता.

"मेस्त्री, तूच सांग. आज मी बसलंय, उद्या थंयच भटाची सून बसात. तिका माझो वास येयत. ती परत बसात?" मग टोपलीकडे बघत म्हणाली, "ह्यो वास न्हावन जाणा नाय रे. माझ्या झिलाक देवान ही एकच होडी दिल्यान. ती मी बाटवू?"

म्हणजे दारात आण म्हणणं हा हट्ट नव्हताच. गाडी वाळूतून येणार नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून तेवढं सोपं निमित्त तिने धरलं होतं. हा वेडा चाकंच घेऊन आला.

पण गाडी तिच्या दारात उभी राहायला लागल्यावर तिने गाडीसाठी काहीतरी करायचं ठरवलं. तिला येत होतं ते. मोरीच्या काळजाचं तेल काढून ते होडीला लावतात, खाऱ्या पाण्याने लाकूड कुजू नये म्हणून. नुसतं वरून नाही लावत. जिथे फळीला फळी मिळते त्या सांध्यात काथ्याच्या बोळ्याने तेल जिरवतात, कारण पाणी शिरतं ते सांध्यातून. तिच्या नवऱ्याची होडी तिनेच अशी पोसली होती. तिने चाकं बघितली. लोखंड आणि रबर जिथे मिळतं तो सांधा बघितला. आणि मुलगा दुपारी आडवा झाला की बोळा घेऊन बसायला लागली. चारही चाकांच्या सांध्यांत बोटाने तेल जिरवायची. अमावास्या-पौर्णिमा चुकवायची नाही.

काही दिवसांतच सगळ्या मुलखाला कळलं. गाडी बाजारात उभी राहिली की मांजरं जमायची. एका गावातली कुत्री दुसऱ्या गावाच्या हद्दीपर्यंत पोचवायला यायची. तळेऱ्याला लोक एस.टी.ची वाट बघत उभे असताना हा यायचा, आणि कोणीतरी म्हणायचं, "म्हावरा काय हाडलंस रे आज?"

आत बसलेले नाकाला रुमाल लावायचे. एक वकील तर भर उन्हात मध्येच उतरून चालत गेले. याचं उत्तर ठरलेलं. "दर्याची हवा आसा सायबा. तब्येतीक बरी."

भाडी कमी झाली. माझ्याकडे चकत्यांचे बोल्ट आवळायला आला तेव्हा मी टायर दाबून बघितला. रबर फुगून मऊ पडलं होतं, अंगठा लावला तर ठसा राहत होता. मला रबरातलं काही कळत नाही, पण मऊ पडलेली वस्तू मला आवडत नाही. मी म्हटलं, "आईला सांग, तेल लावू नको म्हणून."

तो खाली बसला. चाकावर हात ठेवून.

"काय सांगू मेस्त्री? तुझ्या तेलाचो वास येता, लोक बसणत नाय, असा सांगू?" मग म्हणाला, "तिका वाटता माका ठावक नाय ती कित्याक बसणा नाय ता. जन्मभर ती त्या एकाच गोष्टीक भियाली. आणि ताच मी तिच्या तोंडार सांगू?"

"टायर जातील रे."

"टायर बाजारात मेळतत."

मी पाना घेऊन बोल्ट आवळायला बसलो.  

पाऊस सरला, भात कापायला आलं. एका सकाळी मी दुकानाबाहेर उभा होतो. इथून खालची वाळू आणि वाडी सगळी दिसते. म्हातारी त्या दिवशी घाटी चढून आली नव्हती. बघतो तर तिच्या दारात माणसं गोळा झालेली, आणि तो तिला दोन हातांवर उचलून गाडीकडे आणत होता. नंतर वाडीतल्यांनी सांगितलं की दारात मासे साफ करता करता छातीत कळ येऊन ती पडली. बोलत होती, पण घामाने भिजली होती. त्याही घाईत त्याने तिला सीटवर ठेवण्याआधी विचारलं म्हणे, "काय गो आये, येतंस मा?" आणि ती मान हलवीपर्यंत थांबला.

गाडी निघाली. मी वरून बघत होतो. नेहमीसारखी डुलत, पसरट पायांनी. निम्मी वाळू पार झाली. आणि गाडी मागच्या एका बाजूला कलंडली. पुढे जाण्यासाठी तिने जोर केला, चाकाने वाळू उडवली, आणि ती आणखी खाली बसली.

माझी चकती तुटली, मला दुसरं काही सुचलं नाही. माझं लोखंड तुटलं. मी घाटी धावत उतरलो, वयाने तेव्हा तरुण होतो, तरी छाती फुटायची वेळ आली. पोचलो तेव्हा तो चाकापाशी गुडघ्यावर बसला होता. चकती शाबूत होती. बोल्ट शाबूत होते. टायर बसला होता, पार चपटा.

चाकं लिलावात चारच मिळाली होती. गाडीचं जुनं अरुंद चाक चकतीवर बसणारं नव्हतं. रापणवाले धावत आले. ज्याने कधी काळी मोरी लागली म्हणून थट्टा केली होती तोच म्हातारा पुढे झाला. म्हणाला, "सीट काढा. तिका उठवू नको, सीट काढा." आम्ही मागची सीटच उचकटून बाहेर काढली, म्हातारी तिच्यावर तशीच, आणि सहा जणांनी खांद्याला लावली.

त्या दिवशी घाटीवरून परत तीच वरात चढली. पुढे म्हातारी, मागे तो. फक्त गाडी नव्हती. हात मोकळे सोडून चालत होता, आणि त्याच तिच्या जुन्या चालीने.

वडाखाली, माझ्या दुकानाशी, खांदे बदलायला सीट खाली ठेवली. मी पाणी आणलं. तिने दोन थेंब घेतले. तिचा हात सीटच्या कापडावरून फिरत होता, आंधळ्या माणसाने चाचपावं तसा.

"मऊ आसा रे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बसलंय मा मी?"

"व्हय गो आये. बसलंस."

तिने त्याला जवळ बोलावलं. तो वाकला. मी तांब्या घेऊन तिथेच होतो, म्हणून ऐकलं.

"वास येता काय रे?"

त्याने तिच्या खांद्यापाशी नाक नेलं. नीट, खोल श्वास घेतला, जशी काही तपासणी करायची आहे. "नाय गो," तो म्हणाला. "कसलोच वास नाय."

ती हसली असं मला वाटलं. त्यांनी सीट परत उचलली. पण पुढच्या वळणाला परत खाली ठेवली, आणि मग उचलायची घाई कोणी केली नाही.

दहावा झाला. मग तो माझ्याकडे आला. बैलांनी ओढून आणलेली गाडी दुकानापाशी उभी होती. आम्ही ते चाक उतरवलं. टायर काढायला मी पहार लावली तर जोरच लागला नाही, तो हाताने फिरला. कडेला सगळं तेल. चाक फिरत होतं, टायर त्यावर घसरत होता, आणि घसरता घसरता त्याने आतल्या ट्यूबचा वाल, हवा भरायची नळी असते ती, मुळातून उपटून टाकली होती. हवा सोडलेली, चाक मऊ, सांध्यात तेल. मला रबरातलं कळत नाही म्हटलं, पण एवढं बघितल्यावर कोणालाही कळलं असतं.

त्याने बोट कडेवरून फिरवलं. नाकाशी नेलं. आणि तसंच धरून ठेवलं.

 

"मेस्त्री," तो म्हणाला, "मी जितो आसय तवसर ह्या कोणाक सांगू नको. आवशीन आपल्याच हातान... असा कोणी म्हणाक नको."

मी मान हलवली. आणि मी एकदा मान हलवली की हलवली.

तेराव्याला त्याची बहीण सगळ्यांसमोर बोलली. वाडीतून ती लांब दिली होती, शेवटची भेट झाली नव्हती, तिचंही दुःख खरं. "भंगारातली चाकां घातल्यान आणि माझ्या आवशीक खाल्ल्यान!" तो पानावर बसला होता. मान खाली घालून म्हणाला, "व्हय. ट्यूब जुनी होती. माझीच चूक." मी पलीकडच्या पंगतीत होतो.  मला भर पंगतीत उभं राहून ओरडायचं होतं. त्याने माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं.

बहीण परत त्याच्याशी बोलली नाही. भाऊबीजेला तिच्या दारात जाऊन हा उभा राहायचा, ती दार उघडायची नाही, हा माझ्याकडे येऊन विडी ओढायचा. वाडीतही तेच चाललं. पोरं चिडवायची नाहीत, पण मोठी माणसं बोलायची, की साधी चाकं होती तेव्हा म्हातारी चालत तरी होती.

ती रुंद चाकं त्याने माझ्याकडून काढून घेतली आणि जुनी अरुंद परत चढवली. तीन चाकं रापणवाल्यांना दिली, त्यांनी जाळी वाहायचा गाडा केला. चौथं, ते ट्यूब फाटलेलं, माझ्याकडे ठेवलं. "ह्येका कोणाक हात लावू देव नको." आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तो आता चाकांवर थाप मारत नव्हता. काही विचारतही नव्हता. यायचा, दार उघडायचा, बसायचा, निघून जायचा. साधा ड्रायव्हर झाला होता, चार ड्रायव्हरांसारखा.

नंतर त्याने गाडी विकली आणि आंब्याच्या ट्रकवर नोकरी धरली. मोसमात देवगडहून पेट्या भरून मुंबईला. दर खेपेला माझ्याकडे थांबायचा. फाटक्या चाकावर बसायचा, चहा घ्यायचा. घाटीखाली रस्ता वाळूपर्यंत आला, मग वाडीपर्यंत झाला. पहिल्यांदा एस.टी. त्याच्या घरासमोरून वळून आली तेव्हा तो माझ्याकडेच बसला होता. उठून बघायला गेला नाही. एवढंच म्हणाला, "दारात येता आता." आणि चहाचा कप खाली ठेवला.

एका मोसमात त्याचा ट्रक आला, पण आत दुसरा ड्रायव्हर. नवीन माणूस, उतरलासुद्धा नाही. खिडकीतून म्हणाला, "मेस्त्री तुम्हीच का? तो गेला. मुंबईत, तापाने. तुम्हाला सांगा म्हणाला होता." मी विचारलं, "काय सांगा म्हणाला?" तो म्हणाला, "एवढंच. गेलो म्हणून सांगा."

म्हणून आता बोलतोय. त्याने सांगितलं होतं, जिवंत असेपर्यंत. तेवढं मी पाळलं. बहीणही गेली. पण वाडीत अजून कोणी ना कोणी म्हणतं, भंगारातल्या चाकांनी आईला मारलं. चाकं चांगली होती. चकत्या चांगल्या होत्या. माणूस त्याहून चांगला होता. ज्याला पटायचं नसेल त्याने माझ्याकडे येऊन ते चाक बघावं.

ते अजून इथेच आहे, भिंतीला टेकून. वैशाखाच्या दुपारी, लोखंडाचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापला की, रबरातून तो वास अजून येतो. पुसट. शेजारची मांजर तेवढ्याच दिवसांत इकडे येते, चाकात अंग मुडपून झोपते आणि मध्येच जागी होऊन कडा चाटते. मी तिला हाकलत नाही. दुकान बंद करताना चाकावर एक थाप मारतो. विचारत मात्र काही नाही. ते विचारणं त्याचं होतं.